गुरुजींचा वाटा

कमलाकांत सावे गुरुजींनी घिवलीच्या शाळेत सलग चार दिवस उंटाचा एकच धडा शिकवला आणि चौथीच्या एकोणतीस पोरांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. ही पोरं काही गरीब गाय नव्हती. गुरुजींच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर मधल्या सुट्टीपर्यंत ती बातमी बंदरावर पोचवणारी जात. पण १९८३ च्या त्या नोव्हेंबरात घराघरातून आयांनी दम भरला होता, की गुरुजी काहीही बोलले तरी गप ऐकायचं. म्हणून सोमवारी ऐकलेला उंट पोरांनी गुरुवारीही अगदी नवा असल्यासारखा ऐकला. पाणी तो कुठे साठवतो हे विचारल्यावर आठवायचं नाटकसुद्धा केलं.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. गुरुजींची बायको जमना दसऱ्याच्या आधी गेली. साधा ताप म्हणून पालघरला नेलं आणि पाच दिवसांत सगळं संपलं. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी गुरुजी हातात खडू घेऊन वर्गात उभे. सोळा वर्षांच्या नोकरीत हे सुतकाचे दिवस सोडले तर त्यांनी हक्काची रजा अशी कधी घेतलीच नव्हती आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. "थोडे दिवस घरी राहा," असं बोईसरहून एसटीने येणाऱ्या मंजुळाबाईंनी सुचवून पाहिलं. शाळेत शिक्षक हे दोघंच. गुरुजी म्हणाले, "घरी बसून काय करू? भिंतींना पाढे शिकवू?"

भिंती परवडल्या असत्या. दोन शिक्षकांवर चार वर्ग, वर मतदारयाद्या, अल्पबचत, कुटुंब नियोजनाच्या केसेस, आणि दर महिन्याला पालघरच्या कचेरीला हवे असणारे तक्ते. पूर्वी गुरुजी हे सारं शीळ घालत उरकायचे. आता साध्या बेरजा चुकायला लागल्या, घास घशाखाली उतरेना, आणि घंटेचा आवाज डोक्यात जाऊ लागला. शुक्रवारी चौथीतल्या नवशाने पाटी जोरात आपटली म्हणून गुरुजींनी ती हिसकावून भिंतीवर फेकली. पाटीचे तीन तुकडे झाले. नवशा रडला नाही, नुसता बघत राहिला. ज्या माणसाने आयुष्यात पोराचा कान धरला नव्हता, त्याला ते बघणं सोसलं नाही. संध्याकाळी गुरुजींनी सुवाच्य अक्षरात राजीनामा लिहिला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. सोमवारी पालघरला जाऊन तो द्यायचा, असं ठरवूनही टाकलं.

आता टोपलीचं सांगायला हवं. जमनाचं तेरावं झाल्यापासून रोज सकाळी गुरुजींच्या दाराच्या कडीला एक छोटी टोपली टांगलेली असायची. कधी चार बोंबील, कधी मूठभर मांदेली, एकदा तर चांगलं तळहाताएवढं पापलेट. गुरुजींना चहापलीकडे काही करता येत नव्हतं, त्यामुळे आळीतल्या मांजरांची चंगळ झाली होती. पण राजीनामा लिहिलेल्या माणसाला हिशेब चोख हवा असतो. पालकांचं फुकट काही घ्यायचं नाही हा त्यांचा बाणा. शनिवारी त्यांनी टोपली उचलली, तडक रंभाबाईच्या अंगणात गेले आणि तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "उद्यापासून नको. मला दया नकोय."

रंभाबाई वाळत घातलेली मासळी उलटत होती. तिचा मुलगा नामदेव हा 'जयलक्ष्मी' बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा म्होरक्या, आणि टोपली त्या बोटीवरचीच. तिने टोपलीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं आणि आत निघून गेली. दुपारी वाटेत नामदेव भेटला, तोही मान फिरवून गेला. बोटीवरचे दोन खलाशी तर रस्ता बदलून पलीकडे गेले. गुरुजी बुचकळ्यात पडले. आपण फार तर दोन मांजरांचं नुकसान केलं, असं त्यांना वाटत होतं.

रविवारी सकाळी रंभाबाई स्वतःच आली आणि उंबऱ्यावर बसली.

"गुरजी, तुमी बोट सोडली काय?"

"मी कधी बोटीत होतो?"

"बोटीवर नाव कोन काडतो दर साली?"

नाव गुरुजीच काढायचे. नारळी पौर्णिमेच्या आधी डबा-ब्रश घेऊन ते किनाऱ्यावर उकिडवे बसत आणि फळ्यावर काढावीत तशी वळणदार अक्षरं बोटीवर काढत.

"नाव काडतो तो बोटीतला," रंभाबाई म्हणाली. "बोटीवरच्या सात जनांना तुमी शिकवलं. आमच्या बोटीत कोनी दुखन्यात पडला, कोनाच्या घरात मानूस गेला, तर तो किनाऱ्यावर ऱ्हातो आनि त्याचा वाटा घरी जातो. त्यो दया नाय. आज त्याचा, उद्या माजा. आनि वाटा परत केला, तर बोट सोडली असं समजतात. नामदेव काल जेवला नाय."

गुरुजींचा हात नकळत खिशाकडे गेला. राजीनामा कुणाला दाखवलाही नव्हता, आणि या बाईने तो टोपलीतच वाचला होता.

"मग चूक झाली," ते म्हणाले. "वाटा ठेवा चालू. मी उद्या शाळेत..."

"उद्या शाळेत नाय. वाटा खायाचा तर किनाऱ्यावर बसायाचं. दुखऱ्या मानसाला आमी बोटीत घेत नाय. त्याचा हात सुटला तर दुसऱ्याला लागतं."

गुरुजींना पाटीचे तीन तुकडे दिसले. त्यांनी चष्मा काढला आणि जमना गेल्यावर पहिल्यांदाच, परक्या बाईसमोर, मोकळेपणाने रडले. रंभाबाईने रडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता चूल पेटवा. मासळी साफ कराया शिकवते."

सोमवारी गुरुजी पालघरला गेले नाहीत. मंजुळाबाईंच्या हाती त्यांनी बारा दिवसांच्या रजेचा अर्ज पाठवला. कचेरीतल्या साहेबाने तो दोनदा वाचला आणि सही खरीच सावे गुरुजींची आहे ना, असं विचारलं. मंजुळाबाईंनी चारही वर्ग एका ओट्यावर बसवले आणि तक्ते उशिरा येतील असं परस्पर कळवून टाकलं. तरी कचेरी जागच्या जागी राहिली.

गुरुजींचं पहिलं कालवण मांजरानेही हुंगून सोडलं. दुसऱ्यात मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी चिंचेचा कोळ किती, यावर रंभाबाईशी वाद झाला आणि गुरुजी बोलून गेले, "जमना याच्या निम्मा घालायची." घरात तिचं नाव इतक्या दिवसांनी उमटलं. मग ते थांबेनात. जमना काय घालायची, कशावर रुसायची, कालवण उतू गेलं की दोष कसा गुरुजींनाच द्यायची. रंभाबाई ऐकत होती, मधूनच हसत होती. दुपारी गुरुजी जाळी विणणाऱ्यांजवळ जाऊन नुसते बसत आणि चक्क डुलक्या काढत. घासही उतरू लागला. दहाव्या दिवशी त्यांनी नव्या पाटीला लाकडी चौकट ठोकली आणि ती घेऊन नवशाच्या घरी गेले. त्याची माफी मागितली. नवशाने पाटी घेतली आणि चौकट जरा वाकडी असल्याचं सांगितलं.

रजा संपली. गुरुजी वर्गात आले, पुस्तक उघडलं, खूण होती तिथून सुरुवात केली. "वाळवंटात उंट..."

पहिल्या रांगेतली ठकी उभी राहिली. "गुरजी, ह्यो धडा झाला. चार येळा झाला."

गुरुजींनी पुस्तक खाली ठेवलं. चार वेळा? त्यांनी एकोणतीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कुणीही मान खाली घातली नाही.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तवा तुमी किनाऱ्यावर होता," ठकी म्हणाली. "आता बोटीत आलात."