मंद्रूपचे ठिपके

दम्याने दवाखान्यात भरती झालेल्यांचे पत्ते नकाशावर टाकायचे, हे तेव्हा माझं काम होतं. सोलापूरच्या कुठल्या भागात माणसं जास्त धापा टाकतात आणि का, ते त्यावरून शोधायचं होतं. संगणकापुढे बसून लाल ठिपके देताना आपण फार मोठं काहीतरी करतोय असं मला उगीचच वाटे.

मग सोलापूरजवळच्या मंद्रूप गावाने घोळ घातला. ना गिरणी, ना धुराडं, चहूकडे ज्वारी. आणि ठिपके मात्र शहरातल्या गल्लीला लाजवतील एवढे. त्यातही बहुतेक तरुण बायका. आमच्या साहेबांनी मळणीच्या भुश्शावर बोट ठेवलं. मळणीला काय पुरुष नसतात? मी चिडून एसटी पकडली आणि त्यातल्या एका घरी जाऊन धडकले.

ओट्यावर तिशीच्या आतली एक बाई बसली होती, नुकतीच दवाखान्यातून आलेली. तिची आई शेळीला पाला घालत होती. इथे किती वर्षं राहता, असं मी त्या मुलीला विचारलं, तर आईच बोलली.

"ती कुटं ऱ्हाती हितं? सोलापुरात दिलीया. दम लागला की जावई आणून सोडत्यात. आजारी लेकीचं माहेरानंच बगायचं, आमच्यात तसंच हाय की."

मी कपाळाला हात लावला. सून आजारी पडली की माहेरी धाडायची, मग दवाखान्यात पत्ताही माहेरचाच लागायचा. दोन्ही बाळंतपणांना आईकडे जाऊन राहिलेल्या मला हे सुचू नये!

सोलापुरात ती सासूबरोबर घरी विड्या वळायची. एकच खोली. वाऱ्याने सुपातली तंबाखू उडते, ओली पानं वाळून तडकतात, म्हणून दिवसभर पंखा बंद, खिडकी बंद. रात्री अंथरुणंही तिथेच.

"हितं आले की चार दिसांत छाती मोकळी हुती," ती म्हणाली.

ती तंबाखूची धूळच तुमच्या छातीत बसतेय, मी सांगितलं. खिडकी तरी उघडी ठेवा म्हणाले, तर ती नुसती हसली. तडकल्या पानाची विडी कारखान्यात घेत नाहीत, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं.

"मग एवढ्यात जाऊ नका. महिनाभर राहा."

"म्याडम सांगत्यात ते ऐक की," आईने लावून धरलं.

पण तिची पिशवी भरून तयार होती. ती आजच निघाली होती.

"पोरगी तितं हाय. शाळा बुडंल म्हणून ठिवलीया. सासूजवळ निजती. काल फोनवर तीबी लई खोकत हुती."

"मग तिलाही इथे आणा ना."

"किती दिस आणू? माजं माहेर हितं हाय म्हणून मी हितं येते. तिचं तर घरच त्ये हाय. तिनं बरं व्हायला कुटं जायाचं, म्याडम?"

मला स्वतःचा, त्या नकाशाचा, सगळ्याचाच राग आला आणि त्या रागाचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. आईच्या पाया पडली आणि स्टँडकडे चालू लागली. मलाही तीच गाडी होती. सोलापूर येईपर्यंत मी तिच्या शेजारी बसून मंद्रूपचा तिचा ठिपका मनातल्या मनात तिथल्या त्या एका खोलीवर नेऊन ठेवत होते.