वर पाऊस लागला का?

बापूंनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. माझ्या हातातली छत्री घेतली आणि तिचं कापड दोन बोटांत धरून चाचपलं. सांगलीत त्या दिवशी डोळे दिपतील असं ऊन होतं. छत्री मात्र ओली होती, कारण मी सकाळी साताऱ्याहून एसटीत बसलो तेव्हा तिकडे पावसानं झोडपून काढलं होतं. "वर पाऊस लागलाय," बापू स्वतःशीच म्हणाले आणि खोली भाड्यानं मागायला आलेल्या मला तसंच उभं ठेवून दुकानाच्या मागच्या बाजूला चालते झाले. गल्ल्यावर त्यांचा मुलगा विजय बसला होता. "बसा गुरुजी," तो म्हणाला, "मागचं दार उघडायला गेलेत. खोली मिळंल तुमाला."

नव्वद साल उलटून गेलं होतं, शाळामास्तराची माझी पहिलीच नोकरी होती. मी मूळचा वडूजचा. आमच्याकडे आभाळात ढग दिसला तरी माणसं अंगणात येऊन उभी राहतात. पाण्याला भ्यायचं असतं हे मला दुकानावरच्या त्या खोलीत राहायला गेल्यावर कळलं, तेही बापूंकडून. ते म्हणायचे, "तुमी दुष्काळी माणसं पाणी बघून हसता. आमी आधी पायाखाली बघतो."

हळदीचं आणि गुळाचं ते जुन्या पेठेतलं दुकान. बापू त्याला दुकान म्हणतच नसत, धक्का म्हणत. ट्रक आला की त्यांच्या लेखी नाव लागलेली असे. "लोणंदची नाव लागली का रं?" असं ते विचारायचे आणि हमालही अगदी गंभीरपणे "लागली, बापू" म्हणायचे. लोणंदला नाव कुठून येणार, हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या उपऱ्याला पडे.

पण त्यात वेडेपणा नव्हता. दुकानांच्या पाठीमागून पूर्वी ओढा वाहायचा. पावसाळ्यात वर साताऱ्याकडे पाऊस लागून कृष्णा फुगली की तिचं पाणी ओढ्यात मागं सरायचं आणि पलीकडच्या गावांतून गुळानं भरलेल्या नावा थेट दुकानांच्या पाठीला येऊन लागायच्या. माल मागच्या पायऱ्यांवरून आत यायचा, गिऱ्हाईक पुढच्या रस्त्यानं. नावांच्या हंगामात मागचं दार लावायचं नाही, अशी सगळ्या पेठेची रीत. नाव कधीही लागेल, आणि पाणी चढलंच तर खालच्या खोलीतल्या माणसाला पायऱ्यांनी वर निघता येईल. पुढं पूल झाले, ट्रक आले, ओढ्यात नुसता केरकचरा उरला. मग व्यापाऱ्यांनी तो बुजवून टाकला. त्यात पुढाकार कुणाचा, तर तरण्या बापूंचा.

"मीच बुजवला की," ते सांगायचे. "जागा वाढली म्हणून पेढे वाटले मी. त्या पाण्यानं जायचं कुठं, ते कुणी इचारलं न्हाई. मीबी न्हाई."

विजयनं खालची खोली आणखी खोल खणून मोठं तळघर केलं होतं. हळदीची पोती तिथं रचलेली असत आणि बाहेरगावचे हमाल तिथंच जेवत, झोपत. बाहेर पडायला वाटा दोनच. एक लाकडी शिडी दुकानात निघे. दुसरं ते मागचं दार, त्याच्यापलीकडे जुन्या धक्क्याच्या पायऱ्या, आणि त्या चढल्या की वर बोळ. उंदीर येतात, चोरी होईल, म्हणून विजयला ते दार विटांनी बंद करायचं होतं. बापू भांडले, रुसले, आणि कुणी ऐकेना तेव्हा त्या वयात आपली खाट उचलून तळघरात राहायला गेले. "मी हितं हाय तवर दार बुजवून दाखव," एवढंच म्हणाले. बाप पायरीशी ठिय्या देऊन बसल्यावर विजय काय करणार?

मी गावाकडून साताऱ्यावरून परतलो की आधी खाली उतरून छत्री त्यांच्या हातात द्यायचो. ती कोरडी निघाली तर गुळाचा खडा मिळे. ओली निघाली की चहासुद्धा विचारत नसत, खाट दाराच्या आणखी जवळ ओढत. मी त्यांची चेष्टा करायचो. ते हसत नसत, हे मला हळूहळू खुपू लागलं.

त्या श्रावणात मी साताऱ्याहून छत्री निथळत आलो होतो आणि सांगलीत मात्र वाळवणं पडली होती. शाळेला सुट्टी होती. दुपारी गप्पा मारायला खाली गेलो, तर जेवून हमाल आडवे झालेले. बापू तेवढे खाटेवर बसून जमिनीकडे बघत होते. खालच्या थरातली पोती काळपट पडली होती. मग कोपऱ्यातली फरशी उचलली गेली आणि तिच्याखालून पाणी आलं. आवाज नाही, काही नाही. पिवळंधमक पाणी घोट्याला लागलं, तेव्हा मला कळलं. भिजलेली थप्पी घसरली ती शिडीवरच कोसळली.

बापूंनी दार आधीच उघडलं होतं. "चला, वर. सामान ऱ्हाऊ दे," असं म्हणत त्यांनी एकेकाला पायऱ्यांवर ढकललं. माझ्या पाठीवर पडलेला तो हात म्हाताऱ्याचा वाटला नाही. ते स्वतः सगळ्यांच्या शेवटी निघाले, कमरेपर्यंत भिजून. एकही माणूस मागं राहिला नाही.

संध्याकाळी दुकानात विजय डोकं धरून बसला होता. तो वाईट माणूस नव्हता. हमालांना स्वतःची कोरडी धोतरं त्यानंच काढून दिली होती. पण तो म्हणाला, "बघितलंसा का बापू? त्या दारातनंच पाणी शिरलं."

बापूंनी ओल्या धोतराचा सोगा पिळला. "त्या दारातनं माणसं भाईर निघाली, इजय," ते म्हणाले.

ती थंडी त्यांच्या छातीत बसली. नदी आटून वाळू दिसू लागली, त्या दिवसांत ते गेले. आदल्या आठवड्यात मी भेटलो, तेव्हा माझ्या बदलीचं त्यांना कळलं होतं. "साताऱ्याला निघालात न्हवं? बरं झालं. आमच्या वरच्या अंगाला आपलं माणूस झालं. पाऊस लागला की इजयला कळवा." मी कबूल केलं.

बापूंचे दिवस झाल्यावर विजयनं दार विटांनी बंद केलं, वरून गुळगुळीत गिलावा आणि चुना. निघताना मी तळघरात जाऊन बघितलं. बापूंच्या खाटेच्या जागी पोती आली होती आणि गिलाव्याच्या तळाशी पिवळसर ओल धरली होती.

साताऱ्यात पुढच्या पावसाळ्यात झड बसली आणि थांबेचना. मी एसटीडी बूथवर गेलो. विजयनंच फोन उचलला. "वर पाऊस लागलाय," मी म्हणालो. "खालची माणसं वर घ्या."

तो मायेनं हसला. "बापूंसारखंच बोलाय लागला की गुरुजी. हितं लख्ख ऊन पडलंय. माणसं आत्ताच जेवून खाली झोपलीत."

फोन ठेवल्याचा आवाज आला. छत्रीचं पाणी माझ्या चपलांभोवती साचलं होतं. मागं उभ्या असलेल्या माणसाची मी माफी मागितली आणि तोच नंबर पुन्हा फिरवला.