मयेवाल्यांची सूट

शेवंती परबला आमच्या शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर, चार गिऱ्हाइकांच्या देखत, मॅनेजर गुरुदास यांनी चोर म्हटलं. सोमवार होता. मी शेजारच्याच टेबलाशी सर्व्हिसला आलेल्या गाडीचा कागद भरत होतो. अंगाचा तिळपापड झाला माझ्या, पण एरवी सगळ्यांवर खेकसत फिरणारा मी, बाबली, त्या दिवशी मूग गिळून बसलो.

शेवंती गोव्यातल्या डिचोलीजवळच्या मये गावची. नवरा खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचा. दोन हजार बारा साली खाणी बंद पडल्या, ट्रक विकावा लागला आणि घर हिच्या अंगावर आलं. डिचोलीला आमच्याकडे ती आली ती गोदामात खोकी लावायला. दोन वर्षांत काउंटर तिच्या हाती होतं. फिल्टरचा नंबर विचारा, कपाटाकडे न बघता सांगेल. अशा बाईला चोर म्हणायचं म्हणजे काय?

झालं होतं असं. दुकानात नवं सॉफ्टवेअर आलं आणि महिन्याच्या शेवटी त्याने एक यादी काढली. एकतीस बिलांवर बावीस टक्के सूट, कोणाचीही मंजुरी नाही. सगळी बिलं शेवंतीच्या लॉगिनवरची, आणि त्यातली सत्तावीस मयेच्या लोकांची. गुरुदासांना आणखी काय हवं होतं? गावकऱ्यांना वाटत सुटलीस, म्हणाले. शनिवारी मालक येतील, तेव्हा तुझा हिशेब करून टाकू.

ती रडली नाही. यादीची एक प्रत मागून घेतली आणि मंगळवारपासून तिच्या मागेच लागली. आधी पार्ट्सचे दर तपासले. एकूण एक बरोबर. मग साखळी गावच्या एका गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर खोटं नाव घालून एक बिल करून पाहिलं, त्यावर सूट आलीच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, आमचं सगळं ठीक आहे, बिल करणाऱ्यानेच सूट दिली असणार. फोन माझ्या हातात असता तर मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तिने फक्त ‘बरं’ म्हटलं आणि परत यादी उघडली.

गुरुवारी ती मला म्हणाली की मयेची सत्तावीस सोडा, उरलेल्या चारांकडे बघा. दोन मांद्र्याचे, एक मोरजीचा, एक मुळगावचा. मांद्रे-मोरजीचे, म्हणजे पेडण्याकडचे, हे तिघे तिच्या ओळखीचे ना पाळखीचे. त्यांना ती सूट कशाला देईल? मग तिने एकाच दिवशीची, एकाच ब्रेकपॅडची दोन बिलं शोधली. साखळीच्या माणसाला पूर्ण दर, मांद्र्याच्या माणसाला सूट. दोघांचे रिसेप्शनवर भरलेले फॉर्म छापून घेतले, शेजारी शेजारी ठेवले आणि फूटपट्टी धरून एकेक ओळ खाली उतरत गेली. नाव, पत्ता, फोन सोडले तर फरक एकाच जागी होता. ‘कॅटेगरी’ या रकान्यात एकाला एस, दुसऱ्याला एम.

तिने आपल्या खोट्या गिऱ्हाइकाला एम लावला. ब्रेकपॅडची किंमत झपकन खाली आली. मग दरांच्या सेटिंगमध्ये शिरून शिरून तिने ती ओळ काढली: एम म्हणजे माइन्स. खाणी चालू असताना कंपन्यांच्या जीपगाड्यांना घाऊक सूट होती. ती जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात तशीच आली होती. खाणी गेल्या, सूट राहिली.

पण खाणी बंद असताना एम घालतंय कोण? रिसेप्शनवरच्या नव्या भाग्यलक्ष्मीला बोलावलं. पोर घाबरली. “माका सांगलेलां, गावाचां पयलां अक्षर घाल म्हणान,” ती म्हणाली आणि खाली बघायला लागली.

सांगणारा मीच होतो. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, हा रकाना रिकामा सोडू देत नाही, काय भरू? मी कामात होतो. गावाचं अक्षर घाल नि मोकळी हो, असं म्हणून टाकलं होतं. पेडण्याचा पी, साखळीचा एस, मयेचा एम. बाकीच्या अक्षरांना दरच जोडलेला नव्हता, म्हणून ती पचली.

गुरुदासांच्या केबिनमध्ये मी ते कबूल केलं. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? ते म्हणाले, ठीक आहे, मिटलं, कामाला लागा. शेवंती हलली नाही.

“चोर तुम्ही माका काउंटरार म्हटल्यात,” ती म्हणाली. “चोर नाय, ता पण थंयच सांगा.”

गुरुदास टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मग मीच बाहेर आलो. काउंटरवर तिघे थांबले होते. त्यांच्यासमोर, मेकॅनिकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, मी सांगितलं की ती सूट माझ्या चुकीमुळे लागली होती आणि शेवंतीने कुणाला एक पैसा फुकट दिलेला नाही. मागोमाग गुरुदास आले. त्यांनाही म्हणावंच लागलं की आपण तिला नको ते बोललो.

शेवंती खुर्चीवर बसली आणि पुढच्याला हाक मारली. पुढे होता तिचा सख्खा दीर, मयेचाच. तिने त्याच्या फॉर्मवरचा एम काढून दर न जोडलेलं दुसरं अक्षर घातलं आणि क्लचप्लेटचं बिल त्याच्या हातात दिलं. त्याचं तोंड वाकडं झालं. मागच्या खेपेला स्वस्त पडलं होतं, म्हणाला, आणि आता घरच्या माणसालाच जास्ती?

“गेल्या खेपेक चुकीचो दर लागलो,” शेवंती म्हणाली. “हो खरो.”

त्याने खिशातून पैसे काढले. गुरुदास तिथेच उभे होते.