सिंधूआत्याच्या ओळीतला रिकामा रकाना

या सदरातले अनुभव माझी जाऊ मोठ्यानं वाचते आणि मी शेजारी बसून मेथी निवडत फिदीफिदी हसते. आधीच सांगितलेलं बरं. चकवा लागला, अंगात आलं, मध्येच कुणीतरी हाक मारली... सगळा फालतूपणा, असं माझं मत होतं. बहुतेक आजही आहे. फक्त एका गोष्टीचं उत्तर मला सापडत नाहीये, आणि उत्तर सापडलं नाही की माझं डोकं फिरतं. कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. मी स्वतः घाबरले नव्हते, मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

मी नगरला सावेडीत एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात काम करते. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय.) आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर चालतं. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, अशा नोंदी. पुणतांब्याजवळच्या एका केंद्रावर माझी सख्खी आत्या दूध घालते. सिंधूआत्या. दोन जर्शी गायी, पत्र्याची दोन खोल्यांची वस्ती, आणि ती एकटी.

एकटी, कारण मी शाळेत असताना तिच्या नवऱ्यानं शेवगावकडं दुसरं घर मांडलं. फारकत दिली नाही, की कधी फिरकला नाही. आत्या आधी रीत म्हणून त्याचं नाव घेत नसे; लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. तो गेल्यावर संतापानं घेईना. म्हणजे तो उखाणा सोडला तर उभ्या आयुष्यात तिनं ते नाव तोंडातून काढलेलंच नाही. मीही इथं लिहिणार नाही.

तर, आत्याला मोतीबिंदू. उजव्या डोळ्यानं काहीच दिसेना, डाव्यानं सगळं धुरकट. आचळ चाचपून धार काढायची. गेल्या उन्हाळ्यात गायीनं लाथ घातली, बरगडीवर बसली, तरी कुणाला बोलली नाही. अशात दूध संघानं जाहीर केलं की दूध घालणाऱ्यांची डोळ्यांची ऑपरेशनं फुकटात करून देणार. केंद्रानं शनिवारपर्यंत नावं पाठवायची. मला इतका आनंद झाला! आणि गुरुवारी सकाळी आत्याचा फोन.

"शुभे, माझं नाव यादीत हाय पन मोजनीत न्हाई म्हनत्यात. ही काय भानगड हाय गं?"

मी गाडी काढली ती थेट पुणतांबा. केंद्रावर सकाळची गर्दी ओसरत आली होती. केंद्राचे सचिव कॉम्प्युटरपुढं चहा पीत बसलेले. म्हणाले, "मॅडम, नावं एक्केचाळीस हायेत आन् खाली बेरीज चाळीस येती. मावशींचं नाव काढून बघितलं तरी चाळीसच. वरचं हापिस बेरजेवर चालतं. तेवढीच माणसं गाडीत घेणार. जे नाव मोजनीत येईना, ते काढावं लागंल."

मी क्वेरी उघडली, म्हणजे बेरीज काढायला कॉम्प्युटरला दिलेली आज्ञा. चूक दिसायला वेळ लागला नाही. ज्यांना या कामातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते – त्या आज्ञेत 'काउंट' म्हणजे मोज; त्याच्या कंसात स्टार (*) टाकला तर कॉम्प्युटर सगळ्या ओळी मोजतो. कंसात एखाद्या रकान्याचं नाव टाकलं, तर ज्या ओळीत तो रकाना रिकामा आहे ती ओळ तो मोजतच नाही. माणूस यादीत असतो, मोजणीत नसतो. कुणा गाढवानं कंसात 'वडिलांचे/पतीचे नाव' हा रकाना घातला होता. एक्केचाळीस जणांत तो रकाना एकाच ओळीत मोकळा... आत्याच्या.

दोन अक्षरांची दुरुस्ती! पण संघाच्या लेखी परवानगीशिवाय क्वेरीला हात लावायचा नाही, असा आमच्या साहेबांचा दम. फोन केला तर म्हणाले, सोमवारी बघू. सोमवारी काय बघणार, डोंबल?

सचिव म्हणाले, "त्यात काय एवढं? नवऱ्याचं नाव टाका, विषय मिटला."

आत्या बाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर रिकामी किटली धरून. तिथूनच म्हणाली, "त्याचं नाव माझ्या नावाम्होरं न्हाई लागायचं. डोळा गेला तरी चालंल."

"आत्या, नुसतं कॉम्प्युटरमध्ये गं..."

"कॉम्प्युटर काय आभाळातून पडलाय व्हय? माझंच नाव टाक तितं."

"म्हंजे मावशी, तुमीच तुमचा नवरा?" सचिव म्हणाले आणि दूध घालायला आलेली चार माणसं खो खो हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्यानं मात्र किटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

सचिवांनी तिला न विचारता नवऱ्याचं नाव टाकलंच. सेव्ह केलं. बेरीज आली चाळीस. ओळ उघडली तर रकाना मोकळा. "नेट स्लो हाय," म्हणत परत टाकलं. मोकळा. परत. मोकळा.

मी त्यांना खुर्चीवरून उठवलं. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी नाव लागायला हवं होतं, कारण मला आत्याचा डोळा हवा होता. मी सरळ डेटाबेसमध्ये शिरून कमांडनं नाव घातलं. उत्तर आलं, एक ओळ बदलली. बघते तर रकाना मोकळा! मग मी गंमत म्हणून तिथं 'अबक' टाकलं. राहिलं. बेरीज एक्केचाळीस झाली, पण असलं खोटं नाव पुढं तिच्या कागदपत्रांशी जुळलं नसतं. ते पुसून नाव टाकलं – गायब, बेरीज चाळीस. सचिवही केंद्रावर दूध घालतात; तेच नाव त्यांच्या ओळीत टाकून पाहिलं. तिथं बसलं छान ऐटीत, सचिवांचे वडील म्हणून. सचिव ओरडले तेव्हा काढून त्यांच्या वडिलांचं परत घातलं.

म्हणजे नावात दोष नाही, रकान्यात दोष नाही. फक्त ते नाव त्या ओळीत राहायला तयार नाही. मागून काही पुसणारा प्रोग्रॅम लावलाय का, तेही तपासलं. काहीच नव्हतं. मी टेबलावर हात आपटला, त्यात सचिवांचा चहा सांडला. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

डेटाची कॉपी घेऊन मी नगरला आले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या लॅपटॉपवर ती उघडली. नेट बंद, केंद्राशी काही संबंध नाही. शेजारी आमच्या ऑफिसातला इरफान डबा खात होता. त्याला काही न सांगता म्हटलं, या ओळीत हे नाव टाक. त्यानं एका हातानं टाकलं. मोकळं. त्यानं चमचा खाली ठेवून परत टाकलं. मोकळं.

"ताई, डेटाबेस करप्ट असेल."

"एकाच बाईपुरता?"

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. आत्या.

"शुभे, परत लिवलंस का गं?"

मी इरफानकडं बघितलं. फोन स्पीकरवर नव्हता, तरी त्याला माझ्या तोंडाकडं बघून काहीतरी कळलं असावं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? नगं लिहू बाई. लई तरास व्हतो मला." आणि तिनं फोन ठेवला.

लोक म्हणतात अशा वेळी अंगावर काटा येतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. त्या माणसावर राग होताच. सचिवांवर होता, त्या हसणाऱ्या चौघांवर होता. पण सगळ्यात जास्त आमच्यावर. चूक कुणाची आणि दुरुस्त कुणाला करत बसलो होतो आम्ही? ओळ तिची अगदी बरोबर होती. मोजणारा चुकीचा होता.

मी केंद्रावरची क्वेरी ऑफिसात बसूनच बदलली. कंसातला रकाना काढला, स्टार टाकला. परवानगी नाही, काही नाही. बेरीज एक्केचाळीस. यादी तशीच संघाकडं गेली. सोमवारी साहेबांनी मला सगळ्यांसमोर झाडलं, काम जाईल म्हणाले. म्हटलं, जाऊ दे. सचिवांचा फोन आला, "मॅडम, रकाना मोकळा ठिवून कसं चालंल?" म्हटलं, चाललंय ना? मग चालू द्या.

तो डेटा मी आमच्या लाईनमधल्या दोन-तीन जाणत्या लोकांना दाखवलाय. त्यांनी बरीच कारणं सांगितली, त्यातलं एकही त्या ओळीला लागू पडत नाही. आणि आत्याला घरबसल्या कसं कळलं, याला तर कारण नावाचा प्रकारच नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा. फक्त ते नाव टाकून बघा म्हणू नका. मी टाकणार नाही.

आत्याचं ऑपरेशन नगरलाच झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिनं बरोबर सांगितली. मी विचारलं, "आत्या, मी दिसते का?"

"वाळलीस," म्हणाली. मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या लॅपटॉपकडं बघितलं. "त्यो रकाना दाव मला."

मी तिथंच कॉटवर लॅपटॉप उघडून दाखवला. तिचं नाव, आणि त्यापुढं पांढरी मोकळी जागा. आत्या वाकून, एक डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिली. मग त्या मोकळ्या जागेवरून तिनं बोट फिरवलं.

"ब्येस दिसतंय," म्हणाली. "चल आता, गायी वाट बघत असत्याल."