वीतभर न झाडलेली जागा

बिस्किटांच्या कारखान्यात पिठाचं गोदाम सांभाळणाऱ्या बाईला सगळे वीतवाली म्हणत. गोदामाच्या चारही भिंतींच्या कडेनं एक वीत रुंदीची जागा, स्वतः बघितल्याशिवाय, ती कुणाला झाडू देत नसे. बाकीची फरशी आरशासारखी, त्या वितीत मात्र पिठाची पातळ धूळ. सकाळी पाळी सुरू होण्याआधी बाई विजेरी घेऊन यायची, गुडघ्यांवर बसून उजेड जमिनीलगत आडवा धरायची आणि ती धूळ वाचायची. आडव्या उजेडात अळीच्या पोटाची रेघसुद्धा सावली पाडते. सगळी भिंत वाचून झाली की उठायची, गुडघे झटकायची आणि झाडणाऱ्या बायकांना म्हणायची, "हं, आता मारा केरसुणी."

बायका हसत. "वीतवाली, आज काय छापून आलंय?"

"तुझंच नाव आलंय. काल पोत्यांमागं बसून खाल्लंस, त्याचा चुरा पडलाय."

ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. ती आली सासऱ्यांच्या चुकीतून. सासरे याच गोदामावर होते. तपासणी आहे म्हटलं की तांबडं फुटायच्या आत कोपरान् कोपरा झाडून लख्ख करायचे. आणि झाडता झाडता उंदराच्या लेंड्या, अळीची जाळी, पतंगाचे पंख, सगळ्या खुणा आपल्याच हातानं पुसून टाकायचे. एकदा तेव्हाचे साहेब म्हणाले, स्वच्छ आहे ना, मग करा सही. त्यांनी केली. पंधरा दिवसांनी पुड्यांत अळ्या निघाल्या, सगळी गाडी परत आली, आणि कागदावर सही एकट्या सासऱ्यांची. साहेब बदली होऊन गेले. सासरे घरी आले ते कायमचे. पुढं दारावर कुणी आलं तरी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. सून त्यांच्या जागी लागली तेव्हा म्हणाले, "सूनबाई, मी झाडण्यात कुठं कमी पडलो नाही गं."

"नाही मामंजी," ती म्हणाली. जास्तच झाडलंत, हे मनातच ठेवलं. पण आपली सही कुणाच्या सांगण्यावरून होणार नाही, ही गाठ तिनं त्या दिवशी बांधली.

त्या सकाळी अंगणात भरलेली गाडी उभी होती. इंजिन सुरू होतं. गोदामवालीनं कागदावर 'कीड नाही' म्हणून सही केल्याशिवाय गाडी हलत नसे. बाईनं विजेरी धरली आणि जागीच थांबली. धुळीत सुईनं ओढाव्यात तशा सात-आठ रेघा. तिनं आधी पोती बघितली, एकेकाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. जाळी नाही, अळी नाही. रेघा पोत्यांकडून येतच नव्हत्या. त्या येत होत्या पीठ वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या पेटीकडून.

तिनं मिस्त्रीला हाक मारली. "ही पेटी उघड."

"साहेबांना विचारल्याशिवाय? वहिनी, मला घरी बसवायचा विचार दिसतोय तुमचा."

"मग पाना दे इकडं. मी उघडते. तू तिकडं तोंड करून उभा राहा."

तिनं पाना ओढून घेतला, तसा मिस्त्रीनं सुस्कारा टाकला. "सरका बाजूला. आटे घालवाल सगळे."

झाकण निघालं. आत कोपऱ्यात महिनोन् महिने साठलेलं पीठ दगड झालं होतं, आणि त्या दगडाला कोष्ट्यानं विणावी तशी जाळी. जाळीत अळ्या वळवळत होत्या. दोन मळकट पतंग उडून दिव्याकडं गेले.

तेवढ्यात इस्त्रीसाहेब आले. शर्टाची घडी कधी मोडत नसे म्हणून हे नाव. त्यांनी पेटीत डोकावलं आणि नाकाला रुमाल लावला.

"खरवडून काढा. फवारा मारा आणि सही करा. गाडी खोळंबलीय."

"फवारा पिठाच्या वाटेवर मारायचा? मग ते पीठ कुणी खायचं?"

"बरं, नका मारू. खरवडा नुसतं. कीड होती, काढली, आता नाही. खोटं काय आहे त्यात?"

वाक्य सरळ होतं. सासऱ्यांनाही असंच सरळ वाक्य मिळालं असणार.

"काल दिवसभर पीठ इथूनच गेलं, साहेब. त्याची बिस्किटं त्या गाडीत आहेत."

तिनं कागद ओढला आणि लिहिलं: कीड आहे. पट्ट्याच्या पेटीत घर सापडलं. कालचा माल थांबवावा. खाली ठसठशीत सही केली.

साहेबांनी कागद फाडला. तिनं वहीतून दुसरा काढला, तेच लिहिलं. तोही फाटला. तिनं तिसरा काढला.

"उद्यापासून किल्ली दुसऱ्याकडं जाईल," साहेब म्हणाले.

"जाऊ दे. आज माझ्याकडं आहे, आणि आजचा कागद माझा आहे." ती लिहीतच राहिली. "कागद फाडून अळ्या मरत असत्या तर मी गोदामात रद्दीच भरून ठेवली असती."

केरसुण्या थांबल्या होत्या. मिस्त्री पाना पुसत होता, पुसून झालेला पाना पुन्हा पुसत होता. तिसरा कागद साहेबांच्या हातात बराच वेळ राहिला. मग त्यांनी फोन काढला आणि ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

"आता मालकांना मी काय सांगू?"

"कागद वाचून दाखवा," वीतवाली म्हणाली. "अक्षर चांगलं आहे माझं."

आणि पहिलं खोकं आपल्या हातानं उतरवायला ती अंगणात गेली.