सुटल्याचा मेसेज

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा ठेवायला उठते. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम केल्यावर एक कळलंय, प्रत्येक 'आपोआप झालं'च्या मागे कुणाचा तरी गाढवपणा सापडतो... बहुतेकदा माझाच. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी मी रागावणार नाही. मीही हसले असते.

आम्ही मूळचे औसा तालुक्यातले. भूकंपात घर पडलं आणि माझी धाकटी बहीण गेली, दोन वर्षांची. सगळे तिला चिमी म्हणायचे. बारशाला आत्यानं ठेवलेलं 'हेमलता' हे नाव घरच्यांशिवाय कुणाच्या लक्षातही नसेल. ते कागदावर कधी आलंच नाही — मृतांच्या यादीतसुद्धा 'मुलगी, वय २' एवढंच. मग मामांनी आम्हाला नांदेडला आणलं. पुढे वडील गेले, आत्याही गेली. उरलो आई आणि मी.

भूकंपानंतर चौदा-पंधरा वर्षांनी मी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये सर्व्हर सांभाळायला लागले. आई नांदेडला, मी लातूरला खोली करून. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास, आणि पोरं पार हदगाव-देगलूरहून आलेली. घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून आम्ही एसएमएस सुरू केले होते. पोरानं गेटवर कार्ड लावलं की घरी मेसेज, 'वर्गात पोहोचला'. जाताना पुन्हा लावलं की 'वर्गातून सुटला'.

सर्व्हरची मूळ डिस्क भरत आली म्हणून मी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर, नव्या फोल्डरमध्ये हलवला होता. मूळ जागी नुसते रिकामे तक्ते राहू दिले — रकाने होते, नोंद एकही नाही. मी स्वतः मोजून शून्य पाहिलं होतं.

एका सोमवारी पहाटे लाइट जाऊन आली, सर्व्हर आपला आपण सुरू झाला, आणि साडेसातच्या बॅचचं एकही कार्ड चालेना. लावलं की 'असा विद्यार्थी नाही'. गेटवर ही गर्दी, क्लासचे सर माझ्या डोक्यावर उभे, गावाकडून पालकांचे फोन. चूक मला पाच मिनिटांत सापडली आणि ती माझीच होती. नव्या फोल्डरचा पत्ता मी हातानं सर्व्हर सुरू करताना द्यायचे; मशीन स्वतःहून सुरू होताना जी फाइल वाचतं तिच्यात तो लिहायचा राहूनच गेला होता. त्यामुळे सर्व्हर गुपचूप जुन्या, रिकाम्या जागी जाऊन बसला होता.

खात्री करायला मी तिथल्या नोंदी मोजल्या. शून्य यायला हवं होतं, आलं एक.

नोंद उघडली. हेमलता, पुढे वडिलांचं नाव, आमचं आडनाव. इयत्ता अकरावी, बायोलॉजी ग्रुप. पालकांचा मोबाइल — आईचा. हजेरी, सात वाजून दोन मिनिटं. मी बोटांवर वर्षं मोजली... ती असती तर त्या वर्षी अकरावीतच असती. तिचं नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

तेवढ्यात आईचा फोन आला. मेसेज इंग्रजी अक्षरांत असायचे, तिनं तो शेजारच्या अंगणवाडीच्या बाईंकडून वाचून घेतला होता. मला ती सवे म्हणते. आवाज अगदी शांत होता.

"सवे, चिमी पोचली म्हणून मेसेज आलाय. तुझ्याच क्लासात हाय का ती?"

चुकून गेला असेल, मी म्हणाले. चुकून बारशाचं नाव कसं येईल, असं तिनं विचारलं. मग म्हणाली, काही बंद करू नको, दुपारी सुटल्याचा मेसेज तेवढा येऊ दे. आईनं माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

पण बाहेर शेकडो पोरं खोळंबली होती, आणि नव्या फोल्डरवर जायचं तर सर्व्हर आधी थांबवावा लागतो. मी नुसती त्या एका ओळीकडे बघत बसले. खरं सांगते, मला तो तसाच चालू ठेवायचा होता, सगळा क्लास बुडाला तरी चालेल असं वाटत होतं. सरांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा थांबवला. फाइलमध्ये पत्ता लिहिला, पुन्हा सुरू केला. पोरांच्या नोंदी जागच्या जागी होत्या.

क्लास सुटल्यावर मी सर्व्हर जुन्या जागेवरून परत सुरू करून पाहिला. नोंदी शून्य. सात वाजून दोन मिनिटांनी एक मेसेज गेला, एवढं मात्र सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंदलेलं होतं. कुणी खोडसाळपणा केला म्हणावं तर पासवर्ड एकट्या माझ्याकडे, ते नाव तिथे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, आणि त्या वेळी मी खोलीवर अंघोळ करत होते.

संध्याकाळ झाली तरी आई फोन हातात धरून बसलेली. मेसेज पाठवणं मला एका ओळीचं काम होतं. मी टाइपही केला — 'हेमलता वर्गातून सुटली'. पण पाठववेना. शेवटी आईला फोन करून सगळं सांगून टाकलं. सर्व्हर मीच थांबवला, तिची ओळ गेली, आता मेसेज हवा असेल तर तो मलाच पाठवावा लागेल.



"नको धाडू," ती म्हणाली. "सुटून जाईल कुठं ती? तिला हे नांदेडचं घर कुठं ठावं हाय... न्हाई सुटली तेच बरं. तिथंच शिकून राहिली म्हणायचं."

मी टाइप केलेलं पुसून टाकलं. ते कसं घडलं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि आईला ते नकोच आहे.