वारा सुटला की विझणारा हीटर

परदेशात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये वारा सुटला की अंघोळीचं पाणी तापवणारा गॅसचा हीटर विझायचा. अंगाला साबण लावलेली आई आतून ओरडायची, “उद्याच पुण्याला जाते मी!” मी घरमालकाविरुद्ध दोन पानी निषेधपत्र लिहिलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त मरीन इंजिनिअर आले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण कुणावर बोट रोखताना ते अजून आठवतात. हीटरला हातही न लावता ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर कपडे वाळत घालायच्या काठ्यांपैकी पहिल्याच काठीवर वाळणारी आईची साडी वाऱ्याने उडून शेजारच्या, हीटरच्या धुराच्या नळीचं तोंड झाकत होती. धूर अडला की हीटर बंद.

“साडी कोणी वाळत घातली?”

“मी,” मी ताठ मानेने म्हणालो. “घरकाम बाईनंच का करायचं?”

“तत्त्व बरोबर आहे,” साडी आत ओढत ते म्हणाले. “काठी तेवढी चुकली.”